रिसायकल्ड कागद यादीत पहिला कसा आला: एका पुरवठादाराशी झालेल्या वाटाघाटींचा अभ्यास

पार्श्वभूमी

स्टेशनरी पुरवणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कंपनीकडून काही संस्था बरीच वर्षं कागद घेत होत्या. त्यांत दोन महाविद्यालयं, एक ग्रंथालय, वकिलांचं एक कार्यालय, एक छोटी प्रकाशन संस्था आणि काही स्वयंसेवी संस्था होत्या. संस्था किंवा माणसं ओळखू येतील असे तपशील मी काढले आहेत. घटनांचा क्रम आणि निर्णय मात्र जसेच्या तसे ठेवले आहेत.

ही कंपनी स्वतः कागद बनवत नाही. मिलकडून घेते, आपल्या ब्रँडच्या वेष्टनात भरते आणि विकते. म्हणजे तिला 'कागद बदला' असं सांगणं हे खरं तर तिच्या मागे उभ्या असलेल्या मिलला सांगणं होतं. संस्थांच्या हे बरंच उशिरा ध्यानात आलं.

कंपनीकडे रिसायकल्ड कागद अजिबात नव्हता असंही नाही. मालाच्या यादीत शेवटच्या पानावर तो होता, 'विशेष मागणीनुसार' या शेऱ्यासह आणि अख्खं पॅलेट, म्हणजे लाकडी फळीवर रचलेला मोठा गठ्ठा, उचलण्याच्या अटीवर. ग्रंथालयासारख्या संस्थेला एवढा कागद वर्षभरात लागत नाही. पाकिटं, नोंदवह्या, टिश्यू हे तर सगळंच नव्या लाकडाच्या लगद्यापासून बनलेलं होतं.

ग्रंथालयातल्या एका कर्मचारी बाईंनी हा विषय हातात घेतला. पुढे सगळ्या संस्थांच्या वतीने त्याच बोलत राहिल्या, म्हणून त्यांचा उल्लेख समन्वयक असा करतो.

अडचण

पहिलं पाऊल नेहमीचं होतं. पत्र लिहिलं, त्याखाली सह्या गोळा केल्या आणि ते कंपनीला पाठवलं. जंगलं, पाणी, पुढच्या पिढ्या असं सगळं त्यात होतं. उत्तर सौजन्याचं आलं: पर्यावरणाबद्दल आम्हालाही आस्था आहे, पण सध्या या मालाला पुरेशी मागणी नाही.

गटातले काहीजण या उत्तरावर चिडले. मला मात्र हे उत्तर प्रामाणिक वाटतं आणि त्याचा नीट विचार व्हायला हवा. माल समोर ठेवलाच नाही तर मागणी दिसणार कशी, आणि मागणी दिसत नाही तोवर माल ठेवणार कोण? ही गाठ एका बाजूने ओढून सुटत नाही.

कंपनीच्या खरेदी-प्रमुखाच्या जागी बसून पाहिलं की चित्र स्पष्ट होतं. त्याला चार भीती होत्या. माल गोदामात पडून राहील. मशीनमध्ये कागद अडकल्याच्या तक्रारी येतील. कागद पुरेसा पांढरा नाही म्हणून रीम परत येतील. आणि वेष्टनावर जे छापू, त्याला उद्या कोणी आव्हान दिलं तर हातात पुरावा नसेल. सह्यांचं पत्र या चारांपैकी एकाही भीतीला उत्तर देत नव्हतं. लोकांना काय आवडेल हे त्यातून कळत होतं. ते किती रीम, कधी आणि कोणत्या अटीवर घेतील, हे कळत नव्हतं.

पहिला निर्णय: नेमकं काय मागायचं

दुसरं पत्र लिहायच्या आधी गट एकत्र बसला, तेव्हा 'रिसायकल्ड' म्हणजे काय यावरच एकमत नसल्याचं दिसलं. माझ्या मते या प्रकरणातली सर्वांत उपयोगी बैठक हीच.

रद्दी दोन प्रकारची असते. छापखान्यात कापून उरलेल्या पट्ट्या, पाकिटं बनवताना निघालेले तुकडे ही वापराआधीची रद्दी. घरात, कार्यालयात, शाळेत वापरून झालेला कागद ही वापरानंतरची रद्दी. पहिली रद्दी स्वच्छ असते, एका जागी मिळते आणि तिला गिऱ्हाईक पूर्वीपासून आहे. दुसरी गोळा करावी लागते, निवडावी लागते, तिच्यातली शाई काढावी लागते. कचऱ्याच्या ढिगात जाणारा कागद वाचवायचा असेल तर दुसऱ्या प्रकाराला मागणी निर्माण करावी लागते. नुसता 'रिसायकल्ड' कागद मागितला, तर मिल पहिल्या प्रकारावर भागवू शकते आणि तरीही तिचं म्हणणं खोटं ठरत नाही.

पर्यावरणविषयक दाव्यांसाठी आयएसओ १४०२१ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. हे दोन्ही प्रकार त्यात वेगवेगळे सांगितले आहेत. मिलच्या स्वतःच्या यंत्रावर निघालेला आणि त्याच प्रक्रियेत परत घातलेला तुकडा तर रिसायकल्ड अंशात धरूच नये, असंही त्यात म्हटलं आहे. 'पर्यावरणस्नेही', 'हरित' असे मोघम शब्द वापरू नयेत, असंही हेच मानक सांगतं. गटाच्या पहिल्या पत्रात ते शब्द ओळीओळीला होते.

रिसायकलिंगच्या तीन बाणांच्या चिन्हाचंही तसंच. १९७० साली कागदी खोकी बनवणाऱ्या एका अमेरिकन कंपनीने घेतलेल्या स्पर्धेतून, गॅरी अँडरसन या विद्यार्थ्याच्या हातून ते जन्माला आलं. त्याच्यासोबत टक्केवारी लिहिलेली असेल तर मालात तेवढा रिसायकल्ड अंश आहे. टक्केवारी नसेल तर हा माल रिसायकल होऊ शकतो, एवढाच त्याचा अर्थ. कंपनीच्या साध्या, नव्या लगद्याच्या कागदावरही ते चिन्ह होतं, टक्केवारीशिवाय. गटातल्या बहुतेकांनी ते पाहून आजवर समाधान मानलं होतं.

मग प्रश्न आला प्रमाणाचा. कंपनीच्या सगळ्या कागदात ३० टक्के मागायचे, की एकाच कागदात १०० टक्के? दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखं होतं. सगळ्या मालात थोडा थोडा अंश आला तर एकूण रद्दी जास्त खपते. पण सरासरीचं गणित बाहेरच्या माणसाला तपासता येत नाही. एका कागदात जास्त, दुसऱ्यात शून्य असंही ते जमवता येतं. १०० टक्क्यांचा एकच कागद असला तर तो हातात घेऊन तपासता येतो, त्याचं प्रमाणपत्र मागता येतं. छोट्या गटाला तपासता येईल तेच मागावं, असं समन्वयकांनी ठामपणे मांडलं आणि ते मान्य झालं. मागणी एका वाक्यात बसली: ८० जीएसएमचा (चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा) ए-फोर कॉपी पेपर, पूर्णपणे रद्दीपासून बनलेला, वापरानंतरच्या रद्दीचं प्रमाण लेखी सांगितलेला, आणि पॅलेटची अट नसलेला.

समोरचे पर्याय

जाहीर दबाव आणावा असं प्रकाशन संस्थेतल्या तरुण मंडळींना वाटत होतं. त्यांच्याकडे उदाहरणं होती. अमेरिकेत स्टेपल्स या स्टेशनरी कंपनीविरुद्ध दोनेक वर्षं चळवळ चालली आणि नोव्हेंबर २००२ मध्ये कंपनीने आपल्या कागदी मालात वापरानंतरच्या रद्दीचा सरासरी ३० टक्के अंश आणण्याचं ध्येय जाहीर केलं. टिश्यू बनवणाऱ्या किंबर्ली-क्लार्कविरुद्ध ग्रीनपीस या पर्यावरण संघटनेने २००४ ते २००९ मोहीम चालवली आणि शेवटी दोघांनी मिळून धोरण जाहीर केलं. दबावाने कंपन्या हलतात, हे खरंच आहे. पण त्या कंपन्यांची नावं घराघरांत माहीत होती आणि नाव खराब होण्याची किंमत मोठी होती. इथली कंपनी सर्वसामान्य ग्राहकाला माहीतच नव्हती. तिच्या दारात फलक घेऊन उभं राहिलं तरी तिचं फारसं काही बिघडलं नसतं, आणि बोलणं मात्र बंद झालं असतं.

दुसरा पर्याय पुरवठादार बदलण्याचा. वकिलांच्या कार्यालयाला तो सोयीचा वाटला, कारण रिसायकल्ड कागद ठेवणारा दुसरा विक्रेता होता. पण त्याने गटाची सोय झाली असती आणि या कंपनीचे बाकीचे सगळे ग्राहक जिथे होते तिथेच राहिले असते. थेट मिलकडे जाण्याचाही विचार झाला, पण कागद साठवायला जागा नाही आणि वाटपाची यंत्रणा नाही, म्हणून तो लगेच मागे पडला.

उरला एकत्रित खरेदीचा मार्ग. याचं मोठं उदाहरण सरकारी आहे. ऑक्टोबर १९९३ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी काढलेल्या आदेशानुसार केंद्र सरकारच्या कार्यालयांनी घ्यायच्या छपाईच्या कागदात वापरानंतरच्या रद्दीचा किमान २० टक्के अंश १९९४ च्या अखेरीपासून आणि ३० टक्के १९९८ च्या अखेरीपासून असणं ठरलं. मिलना आवाहन करण्याऐवजी एका मोठ्या ग्राहकाने आपण काय विकत घेणार ते तारखेसह सांगितलं. गट काही सरकार नव्हता, पण पद्धत उचलता येण्यासारखी होती.

ठरलं असं की एकत्रित खरेदीने सुरुवात करायची आणि सहा महिन्यांत काहीच हललं नाही तर पुरवठादार बदलायचा. ही दुसरी गोष्ट कंपनीला धमकी म्हणून सांगायची नाही, पण विचारलं तर लपवायचीही नाही.

रीम आणि टन

प्रत्येक संस्थेने आपला वर्षाचा वापर काढला. हे काम कंटाळवाणं होतं आणि तेच सर्वांत परिणामकारक ठरलं.

कागदाचा हिशोब सोपा आहे. ए-फोरचे १६ कागद मिळून एक चौरस मीटर होतो, म्हणून ८० जीएसएमचा एक कागद बरोबर ५ ग्रॅमचा. ५०० कागदांची रीम अडीच किलोची, आणि ४०० रीम म्हणजे एक टन. संस्था रीममध्ये बोलत होत्या, मिल टनांत बोलते. ग्रंथालयाचा वापर टनांत मांडला तर अगदीच किरकोळ दिसत होता. सगळ्यांचा मिळून मांडला तेव्हा तो मिलकडून एका खेपेत आपल्या ब्रँडचा कागद काढून घेण्याइतका होता. खरेदी-प्रमुखाने हा आकडा पाहिला आणि पहिल्यांदाच समोर बसून बोलायला बोलावलं.

या बैठकीत त्याने एक जुना समज बोलून दाखवला: शाई काढून परत पांढरा कागद बनवणं हे अजून नवं तंत्र आहे, ते स्थिरावू द्या. गोटिंगेनमधले कायद्याचे प्राध्यापक युस्टुस क्लाप्रोट यांनी छापील कागदातली शाई काढून त्यापासून पुन्हा कागद बनवण्याची रीत १७७४ सालीच छापून प्रसिद्ध केली होती. आज मिलमध्ये रद्दीचा लगदा पाण्यात कालवून त्यात साबणासारखी रसायनं घालतात आणि खालून हवेचे बुडबुडे सोडतात. शाईचे कण बुडबुड्यांना चिकटून वर येतात आणि फेसाबरोबर काढून टाकले जातात. तंत्र जुनं आहे, फक्त कंपनीला त्याची ओळख नव्हती. ही माहिती समन्वयकांनी वाद घालण्यासाठी वापरली नाही. मिलच्या तांत्रिक माणसालाच पुढच्या बैठकीला बोलावू या, असं सुचवलं. तो आला आणि बोलण्याचा सूरच बदलला, कारण तिथून पुढे मतांऐवजी मापांवर बोलणं सुरू झालं.

चाचणी

कंपनीचा मुख्य आक्षेप मशीनचा होता. गटातही तो आक्षेप होता आणि तो सर्वांत जोरात मांडणारा माणूस एका महाविद्यालयाच्या झेरॉक्स विभागात वर्षानुवर्षं मशीन चालवणारा होता. तो म्हणाला, "मॅडम, कागद अडकला की लोक कागद-कंपनीला नाही बोलत, मला बोलतात." समन्वयकांनी उत्तर दिलं, "म्हणूनच कोणता कागद घ्यायचा ते तुम्ही ठरवा, दादा." हे बोलण्यापुरतं नव्हतं. चाचणीची आखणी त्याच्याच हाती दिली.

मिलकडून रिसायकल्ड कागदाचे दोन नमुने आणि नेहमीचा नवा कागद असे तीन प्रकार आले. वेष्टनं काढून त्यांवर क, ख, ग अशी अक्षरं लिहिली. कोणतं अक्षर कशाचं हे फक्त ग्रंथालयातल्या एका व्यक्तीला माहीत होतं. प्रत्येक मशीनजवळ वही ठेवली: कोणता कागद, एकतर्फी की दुतर्फी छपाई, कुठे अडकला, छपाई कशी आली.

वह्या एकत्र केल्या तेव्हा कागद अडकण्याच्या बहुतेक नोंदी एकाच खोलीतल्या निघाल्या, आणि त्या तिन्ही प्रकारांच्या होत्या. ती खोली दमट होती आणि तिथे रीम फोडून उघड्या ठेवायची सवय होती. कागद हवेतला ओलावा शोषतो, कडांना वळतो आणि रोलरमध्ये तिरका जातो. नवा लगदा असो की रद्दी, याला अपवाद नाही. रीम वापरायच्या वेळीच फोडायची एवढं केल्यावर त्या खोलीतल्या नोंदी जवळजवळ थांबल्या. आजवर तिथे 'कागद खराब' म्हणून परत गेलेल्या मालाचा दोष कदाचित कागदाचा नव्हताच.

पण सगळं निर्दोष निघालं असंही नाही. रिसायकल्ड नमुन्यांपैकी 'ग' हा वेगाने दुतर्फी छापणाऱ्या मोठ्या मशीनमध्ये भुकटी सोडत होता आणि रोलर वरचेवर पुसावे लागत होते. रिसायकल होताना तंतू आखूड होतात आणि कागदाचा पृष्ठभाग नीट बांधला गेला नाही तर बारीक धूळ सुटते. 'ख' या दुसऱ्या नमुन्यात हा त्रास नव्हता. 'ग' बाद करायचा निर्णय मशीनवाल्या दादांनी घेतला आणि तो कोणी फिरवला नाही. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो. गटाने 'ग'ची बाजू घेतली असती, तर 'ख'बद्दल त्यांनी जे सांगितलं त्यावर कंपनीने विश्वास ठेवला नसता. कॉपी पेपरसाठीच्या ईएन १२२८१ या युरोपीय मानकाची अट करारात आली ती याच चाचणीमुळे.

पांढरेपणा आणि टिकाऊपणा

रिसायकल्ड कागद पांढरा करता येतो, हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी रसायनं त्यासाठी वापरतात. पण जितका जास्त पांढरा हवा तितकी जास्त धुलाई, तितकी रसायनं आणि फेसाबरोबर वाहून जाणारे तितके जास्त तंतू. आतल्या टिपणांसाठी, प्रश्नपत्रिकांच्या मसुद्यांसाठी लख्ख कागदाची गरज नाही, यावर सगळे सहमत झाले. वकिलांनी मात्र न्यायालयात द्यायच्या कागदांसाठी जास्त पांढरा कागद हवा म्हटलं, आणि त्यांच्यासाठी वेगळी रीम ठेवायचं ठरलं.

कंपनीच्या विक्री विभागाला उलटंच हवं होतं. कागद थोडा तपकिरी, ठिपकेदार ठेवला की तो 'रिसायकल्ड' दिसेल आणि चांगला खपेल, असं त्यांचं म्हणणं. गटाने याला स्पष्ट नकार दिला. तपकिरी रंग रद्दीची खूण नाही. ब्लीच न केलेला क्राफ्ट कागद (वेष्टनासाठीचा मजबूत तपकिरी कागद) अनेकदा पूर्णपणे नव्या लगद्याचा असतो. रंगावरून ओळखायची सवय ग्राहकाला लावली तर उद्या कोणीही तपकिरी कागद विकून मोकळा होईल.

टिकाऊपणाचा प्रश्न ग्रंथालयानेच उभा केला. जतन करायच्या दप्तरासाठी आयएसओ ९७०६ हे मानक आहे. कागद अल्कधर्मी असावा, त्यात किमान २ टक्के कॅल्शियम कार्बोनेटइतका साठा असावा, लिग्निन हा लाकडातला घटक अत्यल्प असावा आणि तो सहज फाटू नये, अशा त्याच्या अटी आहेत. तंतू नवे की जुने हे ते विचारत नाही. पण वर्तमानपत्रांची रद्दी मिसळली की लिग्निन वाढतं आणि कागद पिवळा पडतो. म्हणून कायम ठेवायच्या नोंदींसाठी मिलने प्रमाणपत्र दिलेलाच कागद वापरायचा, नाहीतर आधीचा चालू ठेवायचा, असं ठरलं. या अपवादावर गटात नाराजी होती. मला तो अपवाद योग्य वाटतो. ग्रंथालयाची पहिली बांधिलकी त्याच्या दप्तराशी आहे.

दर आणि करार

रिसायकल्ड कागद महाग पडत होता. रद्दी स्वस्त, मग कागद महाग का, हा प्रश्न प्रत्येक बैठकीत कोणीतरी विचारायचं. गोळा करणं, निवडणं, शाई काढणं हा खर्च आहेच. त्याहून मोठा खर्च लहान खेपेचा असतो. यंत्र एका मालावरून दुसऱ्यावर आणताना वेळ आणि कागद दोन्ही वाया जातं. वर्षाची मागणी आधी बांधून दिल्यावर फरक कमी झाला, पूर्ण गेला नाही. राहिलेला फरक भरून काढायला महाविद्यालयांनी सगळ्या मशीनवर दुतर्फी छपाई हीच मूळ मांडणी केली. एकतर्फी हवी असेल त्याने तसं निवडायचं.

बांधील मागणीचा धोका छोट्या संस्थांना पेलवणारा नव्हता. अनुदान आटलं तर त्या काय करणार? म्हणून करारात दोन स्तर ठेवले. मोठ्या संस्था प्रमाणाची हमी देतील. छोट्या त्याच दरात, पण हमीशिवाय घेतील. हमी देणाऱ्यांपैकी एका संस्थेने याला हरकत घेतली होती. समन्वयकांनी तिला समजावलं की छोट्यांना वगळलं तर गटाची एकूण मागणी मिलच्या मर्यादेच्या अगदी काठावर येते.

कराराच्या मजकुरावर बरीच ओढाताण झाली. कंपनीच्या मसुद्यात 'पर्यावरणपूरक कागद पुरवण्याचा प्रयत्न करू' असं वाक्य होतं. त्याजागी चार गोष्टी आल्या: एकूण रिसायकल्ड अंश १०० टक्के, त्यात वापरानंतरच्या रद्दीचं किमान प्रमाण आकड्यात, दर वर्षी मिलकडून त्याचं प्रमाणपत्र, आणि प्रमाण बदललं तर बदलाआधी लेखी सूचना. त्रयस्थ संस्थेचा शिक्का असावा, हेही ठरलं. एफएससी या जंगलांविषयी प्रमाणपत्रं देणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या तीन शिक्क्यांपैकी 'मिक्स' चालणार नाही, 'रिसायकल्ड'च हवा, असं नाव घेऊन लिहिलं, कारण 'मिक्स'मध्ये नवा लगदाही असतो. 'रिसायकल्ड' शिक्क्यालाही वापराआधीची रद्दी चालते, म्हणून प्रमाणाची अट वेगळी ठेवली.

'इतकी झाडं वाचवली' असा आकडा वेष्टनावर छापायची कंपनीची फार इच्छा होती. टनामागे १७ झाडं हा आकडा जगभर फिरतो. पण झाड कोणतं, केवढं, लगदा कोणत्या पद्धतीचा यावर तो पूर्ण बदलतो. गटाने तो नाकारला आणि वेष्टनावर फक्त टक्केवारी राहिली.

शेवटची मागणी कोणाला फार महत्त्वाची वाटली नव्हती: ऑर्डरच्या फॉर्मवर हा कागद सर्वांत वर असावा आणि 'ए-फोर कागद' एवढंच लिहिलं तर हाच पाठवावा. कंपनीने ती सहज मान्य केली.

काय झालं

पहिल्या वर्षात गटाने हमीइतका कागद उचलला. खरा फरक गटाबाहेर दिसला. ज्या ग्राहकांनी रिसायकल्ड कागद कधी मागितला नव्हता, त्यांनाही फॉर्मच्या रचनेमुळे तोच जाऊ लागला, आणि परत पाठवणारे थोडे निघाले. सह्यांच्या पत्राने जे झालं नाही ते फॉर्मवरच्या जागेने झालं. पॅलेटची अट कंपनीने सगळ्यांसाठी काढली. पुढे पाकिटं आणि टिश्यूही आले.

काही गोष्टी झाल्या नाहीत. चकचकीत माहितीपत्रकांसाठी कंपनीने रिसायकल्ड कागद ठेवला नाही. वकिलांचं कार्यालय दराच्या फरकामुळे गटातून बाहेर पडलं.

दुसऱ्या वर्षी कराराची कसोटी लागली. चांगल्या पांढऱ्या रद्दीची टंचाई झाली आणि मिलने वापराआधीच्या रद्दीचं प्रमाण वाढवलं. वेष्टन तेच राहिलं, सूचना कोणी दिली नाही. वार्षिक प्रमाणपत्र आलं तेव्हा आकडा ठरल्यापेक्षा खाली होता. इथे पुन्हा निर्णयाची वेळ आली: करार मोडायचा, जाहीर बोलायचं, की दुरुस्त करून घ्यायचं? गटाने कंपनीला प्रमाणपत्र दाखवून दोन पर्याय दिले, प्रमाण पूर्ववत करा किंवा वेष्टनावरचा आकडा बदला. कंपनीने आधी आकडा बदलला, मग पुढच्या खेपेपासून प्रमाण पूर्ववत केलं.

या टंचाईतूनच उलट्या फेरीची कल्पना आली. कागद पोचवायला येणाऱ्या गाड्या रिकाम्या परतत होत्या. त्यांतून संस्थांची निवडलेली पांढरी रद्दी मिलकडे जाऊ लागली. चिकट नोट्स, खिडकीची पाकिटं, थर्मल पावत्या आणि लॅमिनेट केलेला कागद वेगळा काढायचा, एवढी शिस्त लावायला वेळ लागला. चिकटपट्टीचा गोंद लगद्यात उतरला की नव्या कागदावर डाग आणि भोकं पडतात, हे मिलच्या माणसाने नमुना दाखवून समजावलं, तेव्हा ही शिस्त टिकली.

काय वेगळं करता आलं असतं

सुरुवात टिश्यू आणि पाकिटांपासून व्हायला हवी होती, असं माझं मत आहे. टिश्यू एकदा वापरला की त्याचे तंतू परत मिळत नाहीत. नव्या लाकडाचा तंतू पहिल्याच वापरात संपतो. एरवी कागदाचा तंतू साधारण पाच ते सात वेळा फिरू शकतो, असं मानलं जातं. टिश्यूला मशीनची भीती नाही, टिकाऊपणाचा प्रश्न नाही. कंपनीला पहिला अनुभव तिथे मिळाला असता तर कॉपी पेपरची वाटाघाट कदाचित लवकर आटोपली असती. याच्या उलट बाजूचा मुद्दाही समन्वयकांनी मला सांगितला: कॉपी पेपरचं प्रमाण मोठं होतं, म्हणूनच मिल बोलायला आली. तोही खोडून काढता येत नाही.

मशीनची देखभाल करणाऱ्या कंत्राटदाराला फार उशिरा बोलावलं गेलं. त्याच्या कंत्राटात 'शिफारस केलेला कागद' अशी ओळ होती आणि करार झाल्यावर ती पुढे आली. चाचणीच्या वह्या दाखवून प्रश्न मिटला, पण पहिल्या दिवशीच त्याला सोबत घेतलं असतं तर ती चिंता उद्भवलीच नसती.

दुतर्फी छपाईने किती कागद कमी झाला आणि रिसायकल्ड कागदाने नव्या लगद्याची जागा किती घेतली, हे आकडे वेगळे ठेवले गेले नाहीत. त्यामुळे एकूण वापर घटला हे दिसतं, पण कशामुळे किती ते सांगता येत नाही. ज्या कोणाला असा प्रयत्न करायचा आहे, त्याने पहिल्या महिन्यापासून दोन रकाने ठेवावेत.

सर्वांत मोठी उणीव ऊर्जेची. तंतू कुठून येतो हे सगळ्यांनी विचारलं, मिल कशावर चालते हे कोणीच विचारलं नाही. लाकूड रसायनांत शिजवून नवा लगदा बनवणारी क्राफ्ट मिल लाकडातून निघालेला काळा द्रव जाळून आपली बरीचशी ऊर्जा स्वतः तयार करते. रद्दीच्या मिलकडे तो द्रव नसतो. तिला वीज आणि वाफ बाहेरून आणावी लागते. एकूण ऊर्जा कमी लागली तरी ती कोळशातून येत असेल, तर हवामानाच्या बाजूने मिळणारा फायदा घटतो. जंगल आणि कचरा या दोन बाजूंनी रिसायकल्ड कागद चांगला आहेच, तिसरी बाजू मिलनुसार बदलते आणि ती विचारून घ्यावी लागते.

सध्याची स्थिती

कराराच्या नूतनीकरणाचा मसुदा तयार आहे. मिलने ऊर्जेचे स्रोत आणि पाण्याचा वापर दर वर्षी लेखी कळवावा, अशी नवी अट त्यात आहे. कंपनीला ती मान्य आहे. मिलने पाण्याचे आकडे द्यायचं कबूल केलं आहे, ऊर्जेच्या माहितीसाठी मुदत मागितली आहे. ती मुदत एका खेपेपुरतीच द्यायची आणि तोवर हमीचं प्रमाण वाढवायचं नाही, असं गटाने ठरवलं आहे.